अंटार्क्टिकाच्या उथळ पाण्यात कुर्ल्या का नाहीत? (ध्रुवीय समुद्रातले खेकडे, कोळंब्या आणि बाकीचे कवचवाले)

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात असलेला विषय आज मांडतोय, लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

आपल्याकडे खडकात, चिखलात, खाडीत, खारफुटीच्या मुळाशी, पुळणीवर, जिथं बघाल तिथं खेकडा. खाडीतली मोठी काळपट कुर्ली, समुद्रातली तीन ठिपक्यांची, ती पाठीवर क्रॉस असलेली, पुळणीवर बिळं करणारे लाल. आणि तिकडे अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रतळावर आपल्या कुर्लीच्या कुळातला, म्हणजे शास्त्रज्ञ ज्याला 'खरा खेकडा' म्हणतात तो, कायमच्या वस्तीला नाहीच. शेवंडही नाही. बरं तळ ओसाड आहे म्हणाल तर तसंही नाही, स्पंज, तारामासे, सी अर्चिन यांनी कित्येक ठिकाणी तळ अक्षरशः झाकलेला असतो, कोळंबीच्या थोड्या जाती आहेत, बारीक कवचवाल्या प्राण्यांच्या तर शेकडो जाती आहेत. फक्त डेंगेवाले गायब.

आणि उत्तर ध्रुवाकडे बघा. बेरिंग समुद्र, बॅरेंट्स समुद्र, तिथं खेकडे इतके की अलास्का, रशिया आणि नॉर्वेचे मच्छीमार त्यावर मोठा धंदा करतात. दोन्हीकडे बर्फ, दोन्हीकडे पाणी कधी कधी शून्याच्याही खाली (खारं पाणी उणे १.८ अंशाच्या आसपास गोठतं), मग एकीकडे पेट्या भरून खेकडे आणि दुसरीकडे एकही नाही, असं का? जाणकारांनी लिहा, मी पण वाचलेलं टाकतो.

रापणकर
खाडीकाठ दादा, विषय बरो काढलास. माका एकच कळाक व्हया. पाणी थंड म्हणान कुर्ल्यो नाय असा सांगतत, मगे कोळंबी कशी काय जगता थंय? कोळंबी तर कुर्लीपेक्षा नाजूक. बर्फाच्या पेटीत कोळंबी पयली मरता, कुर्ली दुसऱ्या दिवसापर्यंत डेंगे हलवत ऱ्हवता.

शिरगावची_पोरगी
रापणकर काका, तुमचा प्रश्न एकदम मुळावर गेलाय, कारण शास्त्रज्ञांनाही हेच कोडं पडलेलं. पेटीचं आधी सांगते, पेटीत कोळंबी मरते ती मुख्यतः पाण्याबाहेर काढल्यामुळे, कुर्लीचे कल्ले कवचाच्या आत ओले राहतात म्हणून ती टिकते. त्यावरून पाण्यातली थंडी कोण सोसेल ते कळत नाही.

पाण्यातली गोष्ट वेगळी आहे आणि ती रक्तात आहे. समुद्राच्या पाण्यात सोडियमच्या खालोखाल जास्त असलेला धातू म्हणजे मॅग्नेशियम, लिटरमागे साधारण १.३ ग्रॅम. अंगात मॅग्नेशियम वाढलं की नसांचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही, प्राणी सुस्त होतो. आम्ही लॅबमध्ये समुद्री प्राण्यांना गुंगी द्यायला मॅग्नेशियम क्लोराइडच वापरायचो. आता बऱ्याच खेकड्यांना रक्तातलं मॅग्नेशियम फारसं कमी करता येत नाही, बाहेरच्या पाण्यात जेवढं जवळपास तेवढंच आत. कोमट पाण्यात त्याचं काही अडत नाही. पण पाणी शून्याला आलं की थंडीने आधीच सगळं मंद, त्यात ही गुंगी, हृदय हळू पडतं, ऑक्सिजन पुरत नाही, धड चालता येत नाही मग खाणार काय आणि माजावर आलेल्या मादीला शोधणार कधी. कोळंबी मात्र मॅग्नेशियम बाहेर टाकून रक्तात खूप कमी ठेवते. म्हणून ती थंडीतही टुणटुणीत.

हे नुसतं तर्काने म्हटलेलं नाही हं. जर्मनीतल्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेच्या संशोधकांनी २००० साली छापलेल्या कामात खेकड्यांच्या रक्तातलं मॅग्नेशियम मुद्दाम कमी करून बघितलं, तर त्याच खेकड्यांच्या हृदयाचे ठोके वाढले, ऑक्सिजन जास्त घ्यायला लागले, हालचाल चपळ झाली. मला हा प्रयोग फार आवडतो, एवढा मोठा नकाशावरचा फरक आणि त्याचं एक कारण एका क्षारात सापडतं.

केळशीची_माहेरवाशीण
खूप छान समजावलंस ग. वाचनखूण साठवली.
पण मग माझी शंका. आर्क्टिकमधला तो स्नो क्रॅब तर शून्याखालच्या पाण्यात पण राहतो ना? तो पण खराच खेकडा आहे. मग मॅग्नेशियमने त्याला कसं सोडलं?

शिरगावची_पोरगी
ताई, म्हणूनच मी 'एक कारण' म्हटलं. मॅग्नेशियम एकटं पुरत नाही. स्नो क्रॅब हळू हळू त्या थंडीला सरावलाय, त्याची पिल्लं तर दोन अंशाखालचं पाणीच पसंत करतात. अंटार्क्टिकात कुणाला असा सराव व्हायला वाव का मिळाला नाही, हे इतिहासात शोधायला लागतं. खाडीकाठ, तुम्ही लिहिणार होतात ना?

खाडीकाठ
हो, लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे अंटार्क्टिकात खेकडे कधीच नव्हते असं नाही. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या टोकाजवळ सीमोर नावाचं बेट आहे, तिथल्या इओसीन काळातल्या खडकांत, म्हणजे ढोबळ मानाने चार-पाच कोटी वर्षांपूर्वीच्या, खेकड्यांचे जीवाश्म मिळतात. त्याच्याही आधीच्या थरांत शेवंडांच्या नात्यातले प्राणी आहेत. तेव्हा तिथलं पाणी उबदार होतं. नंतर दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया दोघेही अंटार्क्टिकापासून सुटे होऊन लांब गेले, मधल्या वाटा उघडल्या आणि खंडाला गोल फेरी मारणारा प्रवाह सुरू झाला. साधारण ३.४ कोटी वर्षांपूर्वी तिथं मोठा बर्फ साचायला लागला. तो प्रवाह म्हणजे वाडीभोवती घातलेला गडगाच समजा, आतलं आत नि बाहेरचं बाहेर. उत्तरेकडून अळ्या वाहत आत येणं अवघड, आणि आत जे होते ते थंडीत एकेक करून संपले.

दुसरं, तिथला उथळ समुद्र आपल्यासारखा उथळ नाहीच. आपल्याकडे मुंबईपासून खाली रत्नागिरीपर्यंत किनाऱ्यापासून बरंच आत गेलं तरी शंभर मीटरच्या आतबाहेर पाणी. अंटार्क्टिकात खंडावरच्या बर्फाच्या वजनाने जमीनच खाली दबलेली आहे, त्यामुळे किनाऱ्यालगतचा तळसुद्धा बहुतेक ठिकाणी चार-पाचशे मीटर खोल. हिमयुगात तर हा बर्फ तळाला टेकून पुढे सरकायचा, मग तळावरच्यांनी राहायचं कुठं?

आर्क्टिकचं उलट. एकीकडे अटलांटिक, दुसरीकडे बेरिंगची सामुद्रधुनी, दोन्हीकडून दारं उघडी. रुंद उथळ तळ. जे थंडीला टिकतील ते दक्षिणेकडून सरकत सरकत वर गेले, हिमयुगात हटले, परत आले. त्यामुळे तिथं हायस नावाचा कोळीखेकडा (लांब पायांचा, अंगावर शेवाळ चिकटवून घेणारा) नॉर्वेच्या उत्तरेच्या स्वालबार्ड बेटांपर्यंत मिळतो.

मुरुडचा_जयू
एक नंबर धागा. मी फक्त वाचायला आलोय, चालू द्या.

शिरगावची_पोरगी
खाडीकाठ यांच्या माहितीत पिल्लांची भर घालते, माझ्या मते ही बाजू मॅग्नेशियमइतकीच महत्त्वाची आहे पण कुणी फार बोलत नाही.

आपली कुर्ली अंडी पोटाखाली धरते पण अंड्यातून बाहेर पडलेली अळी पाण्यात तरंगते, पाण्यातलं बारीक खाणं खाते, कात टाकत टाकत मोठी होते आणि मग तळाला येते. त्यासाठी पुरेसे दिवस खाणं हवं. ध्रुवाकडे वनस्पती-प्लवंग (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) फुलतात ते उन्हाळ्यातले थोडेच आठवडे, आणि थंडीत अळीची वाढ फार सावकाश, म्हणजे खाणं संपायच्या आत वाढ पुरी होत नाही. आता तिथं कोण मजेत आहेत ते बघा: अँफिपॉड आणि आयसोपॉड. पुळणीवर वाळलेलं शेवाळ उचललं की टणाटण उड्या मारतात ते अँफिपॉड, आणि भरतीच्या रेषेवर खडकांच्या फटीत सुर्रकन पळतात ते राखाडी बहुपाय आयसोपॉड, त्यांचे हे नातेवाईक. यांच्या माद्या पिल्लांना पोटाखालच्या पिशवीतच वाढवतात, तरंगणाऱ्या अळीची भानगडच नाही, पिल्लू बाहेर येतं ते आईची छोटी प्रत होऊनच. अंटार्क्टिकाचा समुद्रतळ या दोन गटांचा आहे असं म्हटलं तरी चालेल.

आणि आकार! ग्लिप्टोनोटस नावाचा तिथला आयसोपॉड हाताच्या पंजाएवढा होतो. अँफिपॉडही थंड पाण्यात मोठे होतात. १९९९ मध्ये शापेल आणि पेक या दोघांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात जगभरच्या अँफिपॉडांची मापं मांडून दाखवलं की त्यांचा जास्तीत जास्त आकार पाण्यातल्या ऑक्सिजनबरोबर वाढतो. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो हे तर आपण शाळेतच शिकलो.

केळशीची_माहेरवाशीण
ते लांब लांब पायांचे समुद्री कोळी असतात ना अंटार्क्टिकात, फोटो बघितलेत, अंगावर काटा येतो. ते पण यातच का?

शिरगावची_पोरगी
नाही ताई, ते कवचधारी नाहीत, पिक्नोगोनिड म्हणून वेगळाच गट आहे. संधिपाद मात्र आहेत.

वास्कोकर
उशिरा आलो. मी गोव्यात वास्कोला असतो, राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन केंद्र इथं हेडलँड सड्यावरच आहे, त्यामुळे या विषयाची गोडी लागली.

धाग्यात अजून राजखेकडे म्हणजे किंग क्रॅब आले नाहीत, ते यायलाच पाहिजेत. हे दिसायला खेकडे पण कुळ वेगळं, शंखात राहणाऱ्या खेकड्यांच्या घराण्यातले. डेंगे सोडून मागचे पाय मोजले तर आपल्या कुर्लीला चार जोड्या, यांना तीनच दिसतात, शेवटची बारीक जोडी आत दुमडलेली असते. यांच्या बऱ्याच खोल पाण्यातल्या जातींची अळी खात नाही, अंड्यातल्या बलकावरच वाढते, म्हणजे वर जी खाण्याची अडचण सांगितली ती यांना नाही. आणि हे अंटार्क्टिकाच्या उतारावर खोल पाण्यात आहेत!

२०१० मध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिमेला पामर डीप नावाच्या खोल खड्ड्यात रिमोटवर चालणारं यान उतरवलं तेव्हा ८५० मीटरच्या खाली निओलिथोडिस जातीचे राजखेकडे दिसले. मोजणीवरून अंदाज निघाला १५ लाखांचा. आणि ज्या पट्ट्यात खेकडे त्या पट्ट्यात तारामासे, सी अर्चिन वगैरे मंडळी दिसलीच नाहीत, वरच्या खेकडे नसलेल्या पट्ट्यात मात्र होती. म्हणजे खेकडे वर चढले तर काय होईल याचा नमुनाच.

रापणकर
थांबा थांबा. खोल गेलास काय पाणी थंड होता, आमच्या जाळ्याक पण कळता. मगे कुर्ल्यो थंडीक भियतत तर खोल कित्याक गेल्यो?

वास्कोकर
काका, तिथं उलटं आहे. आपल्या समुद्रात वर उन्हाने तापलेलं पाणी, खाली गार. तिथं वरचं पाणी हवेमुळे आणि बर्फामुळे शून्याच्या आसपास नाहीतर त्याखाली, आणि त्या खाली खंडाभोवती फिरणाऱ्या प्रवाहाचं खोल पाणी एक-दीड अंशाचं, म्हणजे तुलनेने उबदार. खारटपणा जास्त म्हणून ते जड, खालीच राहतं. पामर डीपमधले खेकडे १.४ अंशापेक्षा गार पाण्यात दिसले नाहीत. म्हणजे त्यांच्यासाठी ऊब खाली आणि थंडीचं छप्पर वर. म्हणूनच काळजी, पश्चिम द्वीपकल्पाकडचं पाणी तापतंय, छप्पर पातळ होतंय. २०१५ मध्ये अ‍ॅरनसन आणि सहकाऱ्यांनी मार्गरीट उपसागराबाहेरच्या उतारावर ८४१ मीटरपासून २,२६६ मीटरपर्यंत दुसऱ्या जातीचे राजखेकडे नोंदवले आणि म्हटलं की वर यायला तापमान सोडून फारसा अडसर दिसत नाही.

विचार करा, तिथल्या तळावरच्या प्राण्यांनी कोट्यवधी वर्षं कवच फोडणारा शत्रूच बघितला नाही. खेकडे नाहीत, शार्क नाहीत, कवच चावून फोडणारे मासे नाहीत. शिंपले पातळ कवचाचे, तारे उघड्यावर पसरलेले. अशा ठिकाणी डेंगे शिरले तर हे आक्रमणच.

खाडीकाठ
वास्कोकर, तुमची माहिती सगळी पटली, पण 'आक्रमण' या शब्दाला माझी हरकत आहे. आक्रमण म्हणायचं तर आधी नव्हते आणि आता आले असं दाखवायला हवं. आधी तिथं कॅमेरे कितीसे गेले होते? ज्या तळावर आपण पहिल्यांदाच बघतोय तिथं काहीही सापडलं तरी ते नवीनच वाटणार. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेचे ग्रिफिथ्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दक्षिण महासागरातल्या राजखेकड्यांच्या सगळ्या नोंदी एकत्र केल्या आणि नेमका हाच प्रश्न विचारला की हे घुसखोर आहेत की पूर्वापार टिकून राहिलेले. जुन्या नोंदी, जातींचा पसारा, हे सगळं बघता ते तिथं फार आधीपासून असण्याची शक्यता बरीच आहे.

वर्तमानपत्रात मथळे काय आले होते आठवा, खेकड्यांची फौज वगैरे. त्याने वाचणारा घाबरतो आणि दोन वर्षांनी फौज आली नाही की हवामानबदल पण खोटा म्हणायला लागतो. माझा मुद्दा एवढाच.

वास्कोकर
मुद्दा मान्य करायलाच हवा असा आहे, तरी एक बाजू धरून ठेवतो. कधीपासून आहेत हा एक प्रश्न, वर चढतील का हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'पूर्वापार' आलं तरी दुसरा तसाच उभा राहतो, कारण छप्पर आता हलतंय.

आणि माणसाच्या हातून आलेले असतील ते वेगळेच. २०१० मध्ये डिसेप्शन बेटाजवळच्या उथळ पाण्यात हॅलिकार्सिनस नावाच्या छोट्या खऱ्या खेकड्याची जिवंत मादी सापडली. ही जात दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, फॉकलंडला, कर्गेलेनला असते. आणि ते बेट पर्यटकांच्या जहाजांचा नेहमीचा थांबा. जहाजाच्या बुडाला चिकटलेल्या शेवाळातून, नाहीतर वजनासाठी भरलेल्या पाण्यातून असे प्राणी कुठल्या कुठं जातात.

शिरगावची_पोरगी
दोघांचंही पटतंय. मला स्वतःला वर येण्याची भीती राजखेकड्यांपेक्षा या हॅलिकार्सिनसची जास्त वाटते, कारण तो मुळातच उथळ पाण्यातला आहे आणि त्याला जहाज आयतं मिळतं.

अवांतर: दक्षिणेकडे खोल पाण्यात अजून एक अजब खेकड्यासारखा प्राणी आहे, कीवा टायलरी. ईस्ट स्कोशिया रिज या समुद्राखालच्या डोंगररांगेवर अडीच हजार मीटरच्या आसपास गरम पाण्याच्या झऱ्यांना चिकटून दाटीवाटीने राहतो, छातीवरच्या केसांत जिवाणू वाढवतो आणि तेच विंचरून खातो. २०१५ मध्ये त्याचं वर्णन छापलं. झऱ्यापासून थोडं दूर गेलं की गारठा, फार जवळ गेलं की भाजणार, त्यामुळे एकावर एक रचल्यासारखे बसलेले असतात.

केळशीची_माहेरवाशीण
कुणीतरी क्रिलबद्दल पण लिहा ना. आमच्या हर्णै-केळशीकडे जवळा वाळत घातला की सगळा किनारा गुलाबी दिसतो. क्रिल म्हणजे तिकडचा जवळाच का?

वास्कोकर
ताई, लांबून तसंच दिसतं पण घराणं वेगळं. आपला जवळा कोळंबी-खेकड्यांच्या, म्हणजे दशपाद गटातला. क्रिल युफॉसिड गटातला, त्याचे कल्ले कवचाबाहेर उघडे दिसतात आणि अंगावर उजेड देणारे ठिपके असतात. आपला जवळा इंच-सव्वा इंच, अंटार्क्टिक क्रिल सहा सेंटिमीटरपर्यंत आणि पाच-सहा वर्षं जगणारा.

या धाग्याच्या दृष्टीने क्रिल फारच महत्त्वाचा, कारण खेकड्याला ज्या ज्या अडचणी आल्या त्या सगळ्यांवर त्याने काहीतरी तोड काढलीय. मादी वर अंडी सोडते, ती बुडत बुडत शेकडो मीटर खाली जातात, तिथं फुटतात आणि अळी बलकावर जगत वर पोहत येते. हिवाळ्यात पाण्यात खाणं नाही, तर पिल्लं समुद्री बर्फाच्या खालच्या अंगाला उगवलेलं शेवाळ खरवडून खातात. मोठ्यांना उपास पडला तर ते कात टाकून चक्क लहान होतात! एकूण वजन किती तर अंदाज ३० ते ५० कोटी टनांच्या घरातले. देवमासे, सील, पेंग्विन सगळे यावर. म्हणून समुद्री बर्फ कमी झाला की पहिला फटका क्रिलच्या पिल्लांना.

सुकवून खायचं म्हणाल तर जवळ्याइतकं सोपं नाही. क्रिलच्या कवचात फ्लोराइड खूप असतं, मेल्यावर ते मांसात उतरतं, आणि पोटातले पाचक रस अंगच विरघळवायला लागतात, म्हणून बोटीवर ताबडतोब प्रक्रिया करावी लागते. पकडलेलं बरंचसं माशांच्या खाद्यात नाहीतर तेलाच्या गोळ्यांत जातं.

आपल्या देशाचं पण नातं आहे. १९८१ च्या डिसेंबरात पहिली भारतीय अंटार्क्टिक मोहीम गोव्याहूनच निघाली, तिचे नेते डॉ. कासिम स्वतः सागरी जीवशास्त्रज्ञ. १९९५-९६ मध्ये आपलं 'सागर संपदा' जहाज खास क्रिलसाठी दक्षिण महासागरात गेलं. तिथली मासेमारी ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा भारत सदस्य आहे. त्या आयोगाने द्वीपकल्प आणि आसपासच्या क्षेत्रात वर्षाला ६,२०,००० टनांची मर्यादा घातलीय. साठ्याच्या मानाने आकडा छोटा, पण पकड सगळी पेंग्विनांच्या वसाहतींजवळच एकवटते ही खरी अडचण.

मुरुडचा_जयू
नॉर्वेच्या खेकड्यांबद्दल मी एका जहाजावरच्या मित्राकडून ऐकलंय, ते पण रशियाने सोडलेले म्हणे, खरं आहे का?

खाडीकाठ
खरं आहे. लाल राजखेकडा मूळचा उत्तर पॅसिफिकचा, कामचाटका, अलास्काकडचा. १९६० च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञांनी तो मुरमान्स्कजवळ बॅरेंट्स समुद्रात मुद्दाम सोडला, खाण्यासाठी नवीन पीक म्हणून. तिथून तो पसरत नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्याला आला. पाय पसरले तर दीड मीटरच्या आसपास. नॉर्वेची रीत बघण्यासारखी आहे: २६ अंश पूर्व रेखांशाच्या पूर्वेला कोटा ठरवून मासेमारी, तिथं तो धंदा म्हणून सांभाळायचा. पश्चिमेला कितीही पकडा आणि पकडलेला परत सोडायचा नाही, म्हणजे पुढे पसरू नये. एकच प्राणी एका रेषेच्या अलीकडे पीक आणि पलीकडे उपद्रव.

त्याच समुद्रात स्नो क्रॅब पण १९९६ मध्ये पहिल्यांदा दिसला आणि आता तोही मोठा धंदा आहे.

शिरगावची_पोरगी
आणि स्नो क्रॅबच्या मूळ घरी बेरिंग समुद्रात काय झालं ते इथं लिहायलाच हवं, कारण आपल्या पोटापाण्याशी त्याचं नातं आहे.

२०१८ नंतर पूर्व बेरिंग समुद्रातून दहा अब्जांहून जास्त स्नो क्रॅब नाहीसे झाले. २०२२-२३ चा हंगाम अलास्काने पूर्ण रद्द केला, इतिहासात पहिल्यांदा. पुढचाही बंद, २०२४ ला थोडासा उघडला. २०२३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने सांगितलं की २०१८-१९ च्या उष्णतेच्या लाटेत बर्फ कमी झाला, तळावरचा थंड पाण्याचा पट्टा आक्रसला. पाणी काही खेकडा मरेल इतकं तापलं नव्हतं. पण पाणी तापलं की अंगाची भूक वाढते, खेकड्यांची संख्या आधीच खूप होती, सगळे कमी जागेत दाटले आणि उपासमार झाली. थंडीला सरावलेल्या प्राण्याला गरमी अशी मारते, भाजून नाही तर भुकेने.

रापणकर
ह्या वाचून झोप उडाली. बंदरावर आमी पण बोलतव, आधी अमक्या खडकात कुर्ली मिळायची, आता मिळणा नाय. पण कधीपासून मिळणा नाय, कितकी कमी झाली, ता कोणाक सांगता येणा नाय. तकडच्यांका दहा अब्ज गेले ह्या कळला कसा?

शिरगावची_पोरगी
काका, कारण ते दर उन्हाळ्यात ठरलेल्या त्याच त्याच जागी, तशाच जाळ्याने, तेवढाच वेळ ओढून मोजतात. कित्येक दशकं. २०२० ला कोविडमुळे एक वर्ष चुकलं, आणि २०२१ ला गेले तर खेकडे नव्हते. एक वर्ष बघितलं नाही त्याच वर्षाच्या आगेमागे एवढं घडून गेलं. अंटार्क्टिकात वर जो वाद चाललाय, आक्रमण की पूर्वापार, तो वाद आहेच मुळी जुनी मोजणी नाही म्हणून.

रापणकर
मगे आपण का नाय करूचा? वही माझ्याकडे असा. तू सांग काय काय लिवचा ता. माझो झील लिवन घेयत, तो बारावीक असा.

शिरगावची_पोरगी
काका, अगदी मनापासून सांगते, करा. जास्त काही नको, जे रोज जमेल तेवढंच. तारीख आणि तिथी दोन्ही लिहा, अवस-पुनवेचा भरलेपणाशी संबंध तुम्ही लोक कायम सांगता, तो पण तपासता येईल. जागा बंदरावरच्या नावाने लिहा, खडकाचं नाव असेल तर तेच. खोली वावांत चालेल. जाळं कुठलं आणि पाण्यात किती वेळ होतं ते नक्की लिहा, नाहीतर आकड्याला अर्थ राहत नाही. जाती वेगळ्या: खाडीची, तीन ठिपक्यांची, क्रॉसवाली, बाकी. नर किती, माद्या किती, पोटाखाली अंडी असलेल्या किती (त्या जमलं तर परत सोडा). आणि ज्या दिवशी एकही मिळाली नाही त्या दिवशी शून्य लिहा, पान कोरं सोडू नका.

खाडीकाठ
काका, मी मालवणातच आहे, तळाच्या पाण्याचं तापमान बघायला दोरीला बांधायचा थर्मामीटर माझ्याकडे पडून आहे. रविवारी बंदरावर येतो घेऊन.

केळशीची_माहेरवाशीण
आमच्या केळशीच्या खाडीसाठी पण अशी वही करायची आहे. माझा भाऊ पाग टाकतो. तो जाळं कितीदा टाकलं ते मोजेल, वेळ नाही मोजणार, तसं चालेल का?

शिरगावची_पोरगी
चालेल ताई, पागाला तेच बरोबर. किती वेळा टाकला आणि त्यात किती आल्या. फक्त पाग दर वेळी तोच वापरायला सांगा, आणि भरती होती की ओहोटी ते लिहा.